वैशाखातला घट

वांगं ही काही बंड करायची वस्तू नाही, हे मला मान्य आहे. पण सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मी वांग्यासाठी बंड केलं आणि त्याचा मला अजून पश्चात्ताप नाही. "आप्पा, तुमच्या त्या घटाचं काय झालतं हो?" असं कुणी विचारलं की आजही आमच्या गावात लोक हसतात. हसू देत. मी घट बसवलाच नव्हता, एवढं एकदा लेखी असावं म्हणून हे लिहितो आहे.

नांदूरघाटपासून दोन कोसावर आमचं गाव. तिथल्या श्री वीरभद्र शेतकरी सहकारी सोसायटीच्या दुकानात मी विक्री कारकून होतो. बी, खत, पेंड आणि घोंगडी एवढ्या वस्तू विकायच्या आणि चेअरमन सुंदरराव आले की खुर्ची सोडून उभं राहायचं, असं त्या कामाचं स्वरूप होतं. त्या वर्षी सलग दुसरा दुष्काळ. टँकर दिवसाआड यायचा आणि घरटी दोन घागरी द्यायचा. एप्रिल संपता संपता सुंदरराव दुकानात आले, माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "भाजीपाल्याचं बी तालुक्याला वापस करा. यंदा कोण लावतंय?"

तेवढ्यात बायनाबाई आली. एकटी बाई, दहा गुंठे रान, एक विहीर. दरसाल नांदूरघाटच्या बाजारात पहिलं वांगं तिचं असायचं. आदल्या वर्षी मात्र तिचं रोप वाफ्यातच जळून गेलं आणि ती कोयता घेऊन सहा महिने ऊस तोडायला गेली. जाताना ताठ गेली होती, येताना कमरेला हात लावून आली.

"आप्पा, वांग्याचं बी हाय का?"

"बी घिऊन काय चुलीत पेरतीस?" सुंदरराव म्हणाले. "तुझ्या हिरीत बेडूक ऱ्हाईला न्हाई."

"म्हणूनच इचारायला आले, सायेब. आत्ता रोप टाकलं तर मृगाला लावाया येतं, पोळ्याला माल निघतो. रोपच न्हाई झालं तर दसऱ्यामागून पुन्ना कोयता. आन या कमरेनं आता मोळी उचलत न्हाई."

हे ती रडून बोलली नाही. रडली असती तर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण तिने ते बसची वेळ सांगावी तसं सांगितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रोपं घरातसुद्धा करता येतात की."

बियाण्याच्या खोक्यात एक माहितीपत्रक आलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तेच वाचायचो. त्यात परातीत किंवा पेटीत रोप तयार करण्याची रीत दिली होती आणि एका हसऱ्या बाईचं चित्र होतं.

"कुणाच्या घरात?" सुंदररावांनी विचारलं.

"कुणाच्याही."

"म्हंजे तुमच्या. आवं आप्पा, तुमच्या सात पिढ्या तागडीत गेल्या. तुमच्या घरात उगवून उगवून काय उगवंल? मटकीला मोड!"

सगळं दुकान हसलं. पेंडीचं पोतं न्यायला आलेला एक परगावचा माणूस, ज्याचा माझ्या सात पिढ्यांशी काही संबंध नव्हता, तोही हसला. मला राग आला. माझा राग मोठा नसतो, पण तो आला की जात नाही.

"सहाशे रोपं," मी म्हणालो. "मृगाच्या आत, मोजून. नाही दिली तर या दुकानाची किल्ली तुमच्यासमोर ठेवीन."

घरी ही बातमी माझ्या आधी पोचली होती. आमच्या सौभाग्यवती गंगासागर यांनी मला पाणी दिलं, तेही अर्धा पेला, आणि म्हणाल्या, "किल्ली ठिवल्यावर काय खायचं, ते बी त्या कागदावर लिव्हलंय का?"

आता पहिली अडचण मातीची. माहितीपत्रकात 'चाळलेला पोयटा' लिहिलं होतं. पाझर तलाव आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या, तिथे गाळ हवा तेवढा. मी दुसरी टोपली भरत असताना आमचे तलाठी समोर उभे. ते म्हणाले, हा गाळ गौण खनिजात येतो, अर्ज करावा लागेल. मी लगेच अर्ज केला, कारण मी कायदा पाळणारा माणूस आहे. पण छापील अर्जात 'प्रयोजन' या रकान्यात चारच गोष्टी होत्या: विहीर, रस्ता, घरबांधणी, वीटभट्टी. वांग्याची सोय सरकारने केलेली नव्हती.

"वीटभट्टी लिहा," तलाठी म्हणाले. "ती लवकर मंजूर होते."

मी लिहिलं. माणूस एकदा सरळ मार्गाने चालायला लागला की कुठे जाऊन पोचेल याचा नेम नसतो.

दुसरी अडचण जागेची. आम्ही आश्रुबांच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. वर पत्रे. वैशाखात त्या पत्र्यांखाली वांगी उगवण्यापेक्षा भाजली जाण्याचा संभव अधिक होता. गार कोपरा एकच, मधल्या भिंतीला लागून, आणि तिथे देव होते. मग देवांच्या पायाशी आमची लग्नातली पितळी परात ठेवली, शेजारी कापलेले दोन पत्र्याचे डबे. गाळात लेंडीखत मिसळलं, बी पेरलं आणि वर ओला पंचा झाकला. मुहूर्त सौभाग्यवतींनी काढला होता, अक्षय तृतीयेचा. संध्याकाळी रोजच्यासारखी त्यांनी देवापुढे समई लावली. यात कुणाची काही चूक आहे का? मला तरी दिसत नाही.

पण सकाळी शेजारच्या छबुबाई चहाची पत्ती मागायला आल्या. छबुबाईंना घरात सांगितलेली गोष्ट गावाला दवंडी न पिटता कळते. त्यांनी पाहिलं ते असं: देव, समई, समोर मातीने भरलेली परात, माती ओली, वर वस्त्र. आमच्याकडे नवरात्रात घट बसतात ते असेच. फरक एवढाच, की हा वैशाख होता.

"गंगाताई," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे कावून बसीवलंय?"

सौभाग्यवतींना माझ्या नोकरीची काळजी. रोप उगवण्याआधी गावात हसं नको, म्हणून त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू नका, छबुबाई. उगवलं तर सगळ्यांचंच बरं हुईल."

छबुबाईंनी परातीला हात जोडले आणि पत्ती न घेताच गेल्या.

दुपारी घरमालक आश्रुबा आले. सत्तरीचे गृहस्थ. गावातल्या प्रत्येक नवरात्रात घटाचा कोंब बघून 'यंदा ज्वारी बरी, करडई बेताची' असं सांगायचा मान त्यांचा. त्यांनी चपला अंगणात काढल्या. भाडं मागायला येतात तेव्हा ते चपलांसकट येतात.

"आप्पा, घरमालकाला तरी सांगायचं व्हतं. पावसासाठी घट बसीवला म्हणं तुमी."

"आश्रुबा, वांगी आहेत ती."

आश्रुबा समजूतदारपणे हसले. "ऱ्हाऊ द्या. नवस बोलून दाखवायचा नसतो, ठाव हाय मला."

मी पुन्हा सांगितलं, माहितीपत्रक दाखवलं, हसऱ्या बाईचं चित्रही दाखवलं. आश्रुबांनी तिलासुद्धा नमस्कार केला.

त्या दिवसापासून आमच्या घरी रीघ लागली. प्रत्येक बाई आपल्या दोन घागरींतलं पेलाभर पाणी घेऊन येई आणि घटाला घाली. ज्या गावात लोक सकाळी तोंड धुतलेलं पाणी संध्याकाळी म्हशीला दाखवत होते, तिथे माझ्या वांग्याला दिवसाला पन्नास पेले पाणी मिळू लागलं. पहिल्या दिवशी माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी परातही भरून आली. डब्यांना मी खिळ्याने भोकं पाडली होती, पण परातीकडे खिळा घेऊन वळलो तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "माझ्या म्हायेरची परात हाय. आधी मला भोक पाडा." मग मी रोज सकाळी धोतराच्या सोग्याने परातीतलं जादा पाणी टिपत बसायचो. बायकांना वाटायचं, काय ही निष्ठा! वर हळदीकुंकवाचा थर चढत होता आणि फोडलेल्या नारळांच्या करवंट्यांचा कोपऱ्यात ढीग लागला होता.

चौथ्या दिवशी खरा घोटाळा झाला. घटातलं धान्य तिसऱ्या दिवशी वर येतं. वांग्याला आठ-दहा दिवस लागतात. ही गोष्ट गावातला प्रत्येक शेतकरी झोपेतसुद्धा सांगेल, पण घटात वांगं असेल हे जागेपणी कुणाच्या मनात येईना. आश्रुबा आले, पंचा उचलला, बराच वेळ काळ्या मातीकडे पाहिलं आणि बाहेर अंगणात जमलेल्या माणसांना म्हणाले, "कोंब न्हाई. यंदा बी पाऊस न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुकानात बाजरीचं बी न्यायला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी ज्यांनी आधी नेलं होतं ते परत घेऊन आले. "आप्पा, तुमच्याच घटानं सांगितलं," म्हणत एकेक पिशवी माझ्या पुढ्यात ठेवू लागले. मी म्हणायचो, "अहो, ती वांगी आहेत!" त्यावर एक जण कळवळून म्हणाला, "आप्पा, देवाला कावून वांगं म्हणता? आधीच कोपलाय त्यो."

आठव्या दिवशी सकाळी सुंदरराव घरी आले. सोसायटीत बाजरीची थप्पी तशीच पडून होती आणि तालुक्याहून विचारणा झाली होती.

"आप्पा, हा काय तमाशा लावलाय तुमी?"

"मी सहाशे रोपं लावलीत. तमाशा गावाने लावलाय."

"मग सांगा गावाला, वांगी हायेत म्हणून!"

"तुम्ही सांगा. तुम्ही चेअरमन. माझ्या सात पिढ्या तागडीत गेलेल्या."

ते अंगणात गेले आणि खरोखरच त्यांनी लोकांना सांगितलं. लोकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग छबुबाई दुसऱ्या बाईला म्हणाल्या, "बाजरी खपाया पायजे ना, म्हणून बोलतेत." सुंदरराव आत आले. चेहरा उतरलेला. परातीवर वाकून त्यांनी हळूच विचारलं, "कधी उगवंल हो?" माझी नोकरी घ्यायला निघालेला माणूस आता माझ्या वांग्यांची वाट बघत होता. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

नवव्या दिवशी कोंब आले. आधी एक, मग दुपारपर्यंत परातभर. हळदीकुंकवाचा थर डोक्यावर घेऊन ती एवढीशी बाळं वाकून उभी होती. बायनाबाई रोज बांधावरून येऊन बघून जायची, त्या दिवशी तिने परातीपुढे बसकण मारली आणि बोटाने एकेक रोप मोजायला लागली. दोनशेच्या पुढे तिचा हिशेब चुकला, तर ती पहिल्यापासून मोजू लागली. आश्रुबांनी जाहीर केलं, "उशिरा आला, पण भरघोस आला. पाऊस उशिरा, पण हाय!" संध्याकाळी बाजरीच्या पिशव्या परत गेल्या.

इथे कुणालाही वाटेल की संपलं. पण कोंबांना ऊन लागतं. अंधारात ते पिवळे पडून नुसते लांबत जातात. घटाचे पिवळे लांब कोंब लोकांना शुभ वाटतात, मला मात्र रोपं मरताना दिसत होती. मी परात अंगणात न्यायला उचलली, तर छबुबाईंनी बोंब ठोकली. बसलेला घट हलवत नाहीत! दहा माणसं दारात उभी राहिली. मी म्हणालो, "ठीक. घट हलत नाही, तर पत्रा हलवू." आश्रुबा, जे पावसाळ्यात गळका पत्रा बदलायला तीन वर्षं तयार नव्हते, ते स्वतः शिडी घेऊन आले. देवांवरचे दोन पत्रे निघाले आणि माझ्या घरात ऊन आलं. सगळंच आलं. सौभाग्यवती चुलीपुढे छत्री धरून भाकरी करू लागल्या. त्या वेळी त्या जे बोलत ते इथे देत नाही.

आता त्या उघड्या छपरातून चुलीचा, उदाचा आणि धुपाचा धूर सरळ वर जायचा. तो लांबून दिसला एका सरकारी माणसाला. त्याच्या फायलीत माझा अर्ज होता, प्रयोजन वीटभट्टी, आणि वस्तीत भट्टी लावायला मनाई आहे. तो पंचनाम्याचे कागद घेऊन आला, गर्दी पाहिली, चपला काढल्या, हात जोडले आणि मग विचारलं, "भट्टी कुठे आहे?" मी म्हणालो, "भट्टी नाही, वांगी आहेत." त्याने आश्रुबांकडे पाहिलं. आश्रुबा म्हणाले, "घट हाय." त्याने लिहिलं: 'जागेवर वीटभट्टी आढळून आली नाही. घट आढळून आला. अर्जदाराचे म्हणणे वांगी असल्याचे.' माझी बाजू सरकारदरबारी नोंदवली गेली ती एवढीच.

कोंब आल्यापासून दहाव्या दिवशी सकाळी अंगण भरलं. सगळे आंघोळ करून, टोप्या घालून आलेले. सर्वांत पुढे सुंदरराव, नवी टोपी.

"काय आहे?" मी विचारलं.

"घट उठवायचा," आश्रुबा म्हणाले. "तुरा खोवायचा. पयला मान चेअरमनचा."

दसऱ्याला आपण हेच करतो. घटातले कोंब उपटतो, टोपीत खोवतो, कानावर ठेवतो. वर्षानुवर्षं मीसुद्धा ते कोंब टोपीत घालून मिरवलो आहे आणि संध्याकाळी सुकले की टाकून दिले आहेत. परातीत आणि डब्यांत मिळून सहाशे दहा रोपं होती. प्रत्येकाला चार चार पानं फुटली होती.

बायनाबाई दारात होती. ती पुढे आली आणि परात आणि सुंदरराव यांच्या मध्ये उभी राहिली.

"सायेब, ती माझी रोपं हायेत."

"बायना, गावाचा घट हाय."

"मग दसऱ्यामागून गावानंच मला कोयत्यावरनं माघारी आणावं."

छबुबाईंनी पदर तोंडाला लावला. सुंदररावांचा हात टोपीपाशी गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं, आता माझी पाळी आहे. एवढ्या माणसांपुढे मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, दर सांगण्यापलीकडे.

"ज्याला तुरा पाहिजे त्याला मिळेल," मी म्हणालो. "पण उपटून नाही. मातीसकट. करवंटीत. एकेका घराने नऊ रोपं घ्यायची, आपल्या देवापाशी ठेवायची, सकाळचं ऊन दाखवायचं आणि रोज घटाला घालत होता तेच पेलाभर पाणी घालायचं. पावसाचा घट आहे ना? मग तो मृगाला रानात उठवायचा. बायनाबाईच्या रानात."

"असं कुठं असतंय?" मागून कुणी तरी म्हणालं.

"वैशाखात घट तरी कुठं असतोय?" हे मी नाही, सौभाग्यवती म्हणाल्या. छत्री हातात होती. आठ दिवस भट्टीत काढलेली बाई ती, तिच्यापुढे कोण बोलणार?

आश्रुबांनी डोळे मिटले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. माझी नोकरी, बायनाबाईची कंबर आणि सहाशे दहा रोपं त्या म्हाताऱ्याच्या तोंडात होती. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे अगदी सरळ पाहिलं. "रानातच उठवत्येत," ते म्हणाले. "जुनी रीत हाय. लोक इसरले." अशी कुठलीही रीत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही होतं.

मग संध्याकाळपर्यंत मी आणि बायनाबाई काडीने एकेक रोप उकरून करवंटीत लावत होतो. करवंट्या संपल्या तेव्हा डालड्याचे डबे, फुटके माठ, कुणाची जुनी पाटी. सुंदररावांनी नऊ रोपं टोपीऐवजी पितळी तांब्यात घेतली. त्या रात्री गावातल्या सदुसष्ट घरांत देवापाशी वांगं होतं. सहकाराची व्याख्या सोसायटीच्या भिंतीवर सुरेख अक्षरात रंगवलेली आहे. त्या दिवसापर्यंत मी ती नुसती पुसत होतो.

मृगाने हूल दिली. बायनाबाई म्हणाली, पाऊस असो नसो, लावते. सदुसष्ट घरं करवंट्या घेऊन तिच्या रानात आली. काही रोपं मेली होती. सगळ्यांत दणकट निघाली ती सुंदररावांची, आणि त्यांना ती सोडवेनात. "हे एक ऱ्हाऊ दे घरी," ते म्हणत होते. बायनाबाईने त्यांच्या हातातून तांब्या घेतला. मोजली, तर पाचशे बावीस भरली. मी खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि सुंदररावांपुढे धरली. शब्द म्हणजे शब्द.

त्यांनी माझी मूठ किल्लीवर मिटवली. "ठिवा," म्हणाले. "आत्ता दुकान कोण उघडंल? मला तागडी कुठं धरता येतीय?"

पाऊस आर्द्रात आला, तोही बेताचा. कडेच्या दोन ओळी वाळल्या. बाकीच्या रोपांना बायनाबाईने तांब्यातांब्याने पाणी घालून जगवलं. पोळ्याच्या आधी चार दिवस नांदूरघाटच्या बाजारात पहिलं वांगं तिचं होतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक नेहमीसारखा सोसायटीच्या दुकानासमोर लागला. बायाबापड्या गाठोडी, कोयते, कोंबड्या घेऊन चढत होत्या. बायनाबाई पाटी डोक्यावर घेऊन आली. चढणाऱ्या बायकांच्या ओट्यांत तिने ओंजळ ओंजळ वांगी टाकली, "वाटंत भाजून खा" म्हणाली, आणि राहिलेली पाटी गावात विकायला माझ्या काट्यापुढे उतरवली. दुकानात सुंदरराव उभे होते, पिशवी घेऊन. ते म्हणाले, "बायना, मला दे आधी. माझ्या तांब्यातली हायेत."

"रांगंत या, सायेब. मोजा, आप्पा. सात पिढ्यांचं काम हाय तुमच्या."

मी मोजायला लागलो. बाहेर ट्रकने हॉर्न दिला, फळी बंद झाली, बायकांनी हाका मारल्या. मला वाटलं ती वळून बघेल.

"ध्यान कुठं हाय, आप्पा?" ती म्हणाली. "काट्याकडं बघा."